बिलाच्या मधल्या ओळी

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दोन विषयांवर हमखास बोलणं होतं. एक आंब्याची पेटी आणि दुसरा मिळकतकर. पेटीचा भाव काय चाललाय आणि टॅक्स भरला का? बहुतेक वर्षी साधारण मे अखेरपर्यंत भरला तर सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सूट मिळते, त्यामुळे ज्याने भरला तो न भरलेल्याकडे जरा वरून बघतो. :) शिवाय मध्यंतरी चाळीस टक्क्यांचं रामायण झालं. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळणारी ती सवलत २०१८ साली शासनाने बंद केली, २०२३ साली परत आणली आणि मग पीटी-३ नावाचा फॉर्म भरण्यासाठी सगळं शहर धावाधाव करत सुटलं. आमच्या सोसायटीत तर त्या फॉर्मबद्दल जेवढी चर्चा झाली तेवढी कुणाच्या लग्नाबद्दलही झाली नसेल.

ह्या सगळ्यात बिलाचा वरचा आकडा (नाव, पत्ता, थकबाकी) आणि खालचा आकडा (एकूण भरायचे) एवढंच वाचलं जातं. मधल्या ओळी कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण गेली चार वर्षं मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे आणि खजिनदाराला कागद वाचायची खोड लागते. ती पुढे सुटत नाही.

मधल्या ओळींत काय असतं? सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, पथकर, शिक्षणाचा कर. आणि त्यातच दडलेल्या पाणीपट्टी, जललाभ कर, जलनिःसारण लाभकर. म्हणजे आपण सकाळी नळ सोडतो, नंतर फ्लश ओढतो आणि मग कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवतो, ह्या तिन्ही गोष्टींचे पैसे ह्याच कागदावर, वृक्षकर आणि पथकराच्या शेजारी बसलेले आहेत. वर्षातून एकदा. एकदम. आपण किती पाणी वापरलं ह्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, कारण त्याचा ह्या बिलाशी संबंधच नाही. घरगुती पाणीपट्टी घराच्या वार्षिक करपात्र मूल्याच्या टप्प्यावरून ठरत आली आहे, आणि ते मूल्य ठरतं तुमच्या घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ह्या हिशेबावरून.

म्हणजे नवीन इमारतीत राहणारे दोघं म्हातारा-म्हातारी, जे बादलीत पाणी घेऊन आंघोळ करतात, ते जास्त भरणार. आणि जुन्या इमारतीतला, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी करपात्र मूल्य ठरलेला, रोज पाइपाने गाडी धुणारा सहा माणसांचा बंगला कमी भरणार. हा कुणाचा डाव वगैरे नाही. नियम तसा आहे, आणि तो ज्या काळात केला त्या काळात सगळीकडे मीटर बसवणं शक्यही नव्हतं. पण आता त्याचं आपण काय करायचं हा प्रश्न आहे.

माझं म्हणणं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथेच चिडता येईल. पाणी, ड्रेनेज आणि कचरा ह्या तिघांचं बिल मिळकतकरातून बाहेर काढावं. ते वेगळं यावं, दोन-तीन महिन्यांनी यावं, वापरावर यावं, आणि सातवी शिकलेल्या माणसाला वाचता येईल असं यावं. आणि हे महापालिकेने आपल्यावर लादायची वाट न बघता आपणच मागावं.

आता "पाणीपट्टी वाढवा म्हणणारी ही कोण" असं मनात आलं असेल तर थोडा हिशेब बघा.

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, वर्षाला साधारण दोन लाख लिटर. माझ्या बिलात पाणीपट्टीची ओळ अडीच हजारांच्या आतबाहेर असते. म्हणजे लिटरला सव्वा पैसा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. दहा हजार लिटरचा टँकर बाराशेला पडतो, मे महिन्यात अठराशेपर्यंत जातो. म्हणजे लिटरला बारा ते अठरा पैसे. प्यायला जार घेणारे शेजारी आहेत, वीस लिटरला चाळीस रुपये, म्हणजे लिटरला दोन रुपये. आणि दुकानातून बाटली घेतली तर लिटरला वीस रुपयांपर्यंत. नळाच्या सोळाशेपट! बाटलीवाल्याशी कुणी वाद घालताना मी बघितलेलं नाही. टँकरवाल्याला तर आपण "जरा लवकर पाठवा हो" म्हणून अजिजी करतो. वाद फक्त सव्वा पैशाचा होतो.

आणि हा सव्वा पैसाही ज्यांना खरंच नळाचं पाणी मिळतं त्यांच्यासाठी. शहराच्या कडेची अकरा गावं २०१७ साली आणि आणखी तेवीस गावं २०२१ साली महापालिकेत आली. तिथल्या कितीतरी सोसायट्यांचा पाण्याचा खरा खर्च टँकरच्या पावत्यांत असतो, टॅक्सच्या बिलात नाही. घर नवीन म्हणून करपात्र मूल्य जास्त, आणि पाणी विकत. पेठेतल्या जुन्या वाड्याला पर्वतीवरून छान दाबाने पाणी येतं आणि त्याची पट्टी किरकोळ. (पेठेतल्या नातेवाइकांनी रागावू नये. तुमच्याकडे पेशव्यांनी कात्रजहून भुयारी नळाने हौदात पाणी आणलं होतं, तेव्हापासूनच तुमचं नशीब थोर आहे.)

जानेवारी २०२५ आठवतो ना? सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. बघता बघता संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, माणसं दगावली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. नांदेड गावातल्या विहिरीतून परिसराला पाणी जात होतं, नुसतं क्लोरिन घालून, शुद्धीकरण केंद्रातून न जाता. नांदेड, किरकटवाडी ही गावं खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत! सगळं शहर ज्याचं पाणी पितं त्या धरणाच्या दाराशी राहणाऱ्यांना शुद्ध केलेलं पाणी नाही. त्या दिवसांत माझी एक मैत्रीण रोज पाणी उकळून, गाळून, वर तुरटी फिरवून पीत होती आणि मला फोनवर म्हणाली, "अगं, टॅक्स भरलाय मी वेळेवर, सूट घेऊन." तिच्या बिलात पाणीपट्टीही होती का, हे तिला माहीत नव्हतं. मी विचारल्यावर तिने शोधून बघितलं.

माझा मुद्दा तिथे आहे. ज्या सेवेची किंमत वेगळी दिसत नाही, तिच्याबद्दल जाब विचारायला आपल्याला जागाच सापडत नाही. विजेचं तसं नाही. लाइट गेली की दहा मिनिटांत आपण फोन करतो. बिल जास्त आलं की मागच्या महिन्याचे युनिट काढून ताडून बघतो. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला नाही तर अजूनही आमच्या घरात आरडाओरडा होतो. पाण्याच्या बाबतीत तेच घर टाकी भरून वाहते आहे हे वीस मिनिटं ऐकत बसतं.

मीटरचं नाव काढलं की मात्र माणसं बिथरतात. पुण्याने समान पाणीपुरवठ्याची मोठी योजना घेतली. त्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबईच्या शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली, व्याज ७.५९ टक्के. ब्याऐंशी टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर असा बेत होता. ठरलेली मुदत उलटून गेली ती गेलीच. मीटर बसवायला माणसं गेली तेव्हा कितीतरी ठिकाणी लोकांनी त्यांना परत पाठवलं, काही नगरसेवकही विरोधात उभे राहिले. आणि जिथे मीटर बसले तिथेही घरगुती बिल बराच काळ जुन्याच पद्धतीने येत राहिलं.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. पाणी ही विकायची वस्तू नाही, हा आपल्याकडचा जुना आणि चांगला संस्कार आहे. उन्हाळ्यात दारावर माठ ठेवणाऱ्यांची आपण मुलं. शिवाय एक अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे: शहरातलं पस्तीस-चाळीस टक्के पाणी गळतीत जातं असे खुद्द महापालिकेचे अंदाज आहेत. मग "आधी तुमची गळती थांबवा, मग माझ्या नळाला मीटर लावा" हे म्हणणं रास्तच आहे. फक्त गंमत अशी की गळती कुठे आहे हे मीटरशिवाय कळत नाही. टाकीतून किती सोडलं आणि घरांत किती पोचलं ह्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे गळती. दुसरा आकडाच नसेल तर वजाबाकी कशाची करणार?

गरिबाचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तरही अवघड नाही. पहिला टप्पा, म्हणजे माणशी गरजेपुरतं पाणी, जवळजवळ फुकट ठेवा. पुढचा टप्पा महाग, त्यापुढचा आणखी महाग. आज वस्तीतली बाई सार्वजनिक नळावर तासभर उभी राहून चार कळश्या आणते आणि बंगल्यातलं लॉन रोज भिजतं, आणि लॉनच्या मालकाला जास्तीच्या हजार लिटरसाठी एक पैसाही जास्त पडत नाही. समतेची काळजी असणाऱ्यांनी मीटर आधी मागायला हवा होता.

आमच्या सोसायटीचाच अनुभव सांगते. बेचाळीस फ्लॅट. टँकरचं बिल भागिले बेचाळीस, अशी आमची पूर्वापार पद्धत. दोन वर्षांपूर्वी बिल फारच वाढलं म्हणून आम्ही सोसायटीच्या खर्चाने वरच्या टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर एक साधा मीटर बसवला. सुपरवायझरला सांगितलं, रात्री एक वाजता आणि पहाटे चार वाजता आकडा लिहून ठेव. त्या वेळात सगळे झोपलेले असतात, आकडा हलायला नको. तो नऊशे लिटरने हलला! म्हणजे तासाला तीनशे लिटर, दिवसाला सात हजार दोनशे, महिन्याला एकवीस-बावीस टँकर. कुणीही वापरत नसताना.

मग गच्चीपासून तळापर्यंत शोध. प्लंबर म्हणाला फ्लशच्या टाक्या बघा. त्यावर एक घरगुती उपाय आहे, तो सगळ्यांनी करून बघा: फ्लशच्या टाकीत चिमूटभर खायचा रंग टाकायचा आणि फ्लश न ओढता पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. खाली भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला आहे. जिलबीचा केशरी रंग घेऊन आम्ही एका रविवारी घरोघर फिरलो. नऊ संडास केशरी झाले. :) सात रुपयांचा, दहा रुपयांचा वॉशर. त्यातले दोन फ्लॅट बंद होते, मालक परदेशात! टँकरच्या बिलाचा बेचाळिसावा हिस्सा ते बिनचूक भरत होते आणि त्यांच्या रिकाम्या घरातून पाणी रात्रंदिवस झिरपत होतं.

झिरपून कुठे जात होतं? ड्रेनेजमध्ये. आणि इथे बिलातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ येते, जलनिःसारण लाभकराची. "लाभ" हा शब्द मला फार आवडतो. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी मैलापाणी होऊन बाहेर पडतं असं इंजिनिअर धरून चालतात. म्हणजे जेवढं जास्त आत, तेवढं जास्त बाहेर. मुंबईत माझा भाऊ राहतो. तिथे पाण्याला मीटर आहे, आणि पाण्याच्या आकाराच्या सत्तर टक्के मलनिस्सारण आकार अशी रीत आहे. पाणी वाढलं की तोही वाढला. आमच्याकडे तोही घराच्या भाड्यावरच.

पुण्याची मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण शहर वाढलं तशी ती वाढली नाहीत. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जाची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली: अकरा नवी केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर, खर्च नऊशे नव्वद कोटी. निविदा, फेरनिविदा ह्यातच सहा वर्षं गेली. तोवर काय होत राहिलं ते भिडे पुलावर संध्याकाळी नाक मोकळं असेल त्याला सांगावं लागत नाही.

पण पुलावरचा वास ही ह्यातली किरकोळ गोष्ट आहे. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. माझी मामी सोलापूरला असते. कित्येक वर्षं तिच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येत आलंय, तेव्हा ती पातेली, पिंपं, कळश्या, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवते. उन्हाळ्यात पाण्याला हिरवट वास येतो, म्हणून दोनदा गाळते. आमच्या नऊ केशरी संडासांचं पाणी मुठेतून मामीच्या पिंपाकडे निघालेलं असतं. मामी, हे तू वाचत असशील तर माफी मागण्यापलीकडचं काहीतरी आम्ही पुणेकरांनी करायला हवं हे मला कळतं. ड्रेनेजचं खरं बिल आम्ही भरत नाही, म्हणून त्यातला काही भाग तू गाळण्यात आणि उकळण्यात भरतेस.

बिल कसं असावं ह्याचा विचार करत होते तेव्हा अमेरिकेत ऑस्टिनला असलेल्या भाचीकडे तिचं बिल मागितलं. तिने लगेच फोटो पाठवला, वर "मावशी, तुला कशाला?" असा प्रश्न. तिथे शहराचंच दर महिन्याचं एक बिल येतं. वीज, पाणी, सांडपाणी, कचरा, पावसाच्या पाण्याचा निचरा, रस्तासफाई, सगळं एकाच कागदावर, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. पाण्याचे पाच टप्पे, जास्त वापराल तसा दर चढत जातो. पावसाच्या निचऱ्याचा आकार तुमच्या जागेवर किती छप्पर आणि किती काँक्रीट आहे ह्यावर, कारण तिथे पाणी जमिनीत मुरत नाही. (आपल्याकडे हा आकार लावला तर पेव्हर ब्लॉकवाल्यांचं कसं होणार!) सांडपाण्याचा हिशेब मला सगळ्यात आवडला: नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पाणी किती लागलं त्याची सरासरी काढतात आणि त्यावर वर्षभर सांडपाण्याचा आकार लावतात. का, तर थंडीत कुणी बागेला पाणी घालत नाही, म्हणजे जे वापरलं ते बहुतेक गटारातच गेलं. उन्हाळ्यात बागेत जिरलेल्या पाण्यावर मैलापाण्याचे पैसे लावणं बरोबर नाही, एवढा विचार त्या बिलात आहे.

आणि कचरा. २४ गॅलनपासून ९६ गॅलनपर्यंत चार मापांच्या चाकांच्या पेट्या. मोठी पेटी, मोठं बिल. सुका माल आणि ओला कचरा वेगळ्या पेट्यांत, त्यांच्या मापाला जास्त पैसे नाहीत. भाचीने बाळाचे डायपर सुरू झाले तेव्हा मोठी पेटी घेतली होती, ते संपल्यावर लहान केली. कमी उत्पन्न असलेल्यांना ह्याच बिलात सवलतीची सोय आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बिल भरपूर येतं आणि भाची त्यावर भरपूर कुरकुर करते. पण तिची कुरकुर आकड्यांवर असते. "ह्या महिन्यात दोन हजार गॅलन जास्त कसे?" असं ती विचारू शकते. मी माझ्या पाणीपट्टीला असा कोणता प्रश्न विचारू?

आता आपल्या कचऱ्याकडे येते, कारण आमच्या सोसायटीत खरी ठिणगी तिथे पडली.

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याची जी पद्धत आहे, ती देशात फार थोड्या ठिकाणी आहे. उकिरड्यावरून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, आणि तिच्यातून 'स्वच्छ' ही ह्या बायकांची स्वतःची सहकारी संस्था. २००८ पासून तिचा महापालिकेशी करार झाला. त्या दारावर येतात, ओला-सुका वेगळा घेतात, सुक्यातलं विकण्याजोगं विकतात, उरलेलं महापालिकेच्या गाडीत टाकतात. त्यांचा पगार महापालिका देत नाही. घरटी महिन्याला ठरलेली रक्कम आपण द्यायची आणि भंगाराचे पैसे त्यांचे, अशी ही व्यवस्था.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंना घरटी ऐंशी रुपये देतो. मागच्या वार्षिक सभेत एका सभासदाने मुद्दा काढला: "बिलात सफाईपट्टी भरतो ना आपण? मग हे डबल पैसे कशाला?" टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, "भंगार विकून कमावतातच की त्या." तिसरे म्हणाले, घंटागाडी येते ना कोपऱ्यावर, तिथे वॉचमनकडून पाठवू. ठराव जवळजवळ होतच आला होता.

खजिनदार म्हणून मी दोन आकडे वाचून दाखवले. बेचाळीस गुणिले ऐंशी म्हणजे तीन हजार तीनशे साठ रुपये महिना. हा तीन टँकरांपेक्षा कमी खर्च आहे. मे महिन्यात आपण ह्याच्यापेक्षा जास्त पैसे दोन टँकरांवर घालवतो, आणि टँकरवाल्याला कुणी "टॅक्समध्ये पाणीपट्टी आहे ना?" असं विचारलेलं नाही. सफाईपट्टीतून रस्ते झाडायचे, गाड्या चालवायच्या, प्रकल्प चालवायचे. तुमच्या चौथ्या मजल्याच्या दारातून पिशवी उचलणारा हात त्या ओळीत नाही, तो ह्या ऐंशी रुपयांत आहे. आणि हा हात नसला तर काय होतं ते आपण बघितलंय: २०१७ च्या एप्रिल-मे मध्ये फुरसुंगी-उरुळीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा तीन आठवडे शहर नाक धरून चालत होतं. त्यांनी का अडवू नयेत? वर्षानुवर्षं न वेगळा केलेला कचरा त्यांच्या विहिरींच्या शेजारी जाऊन पडत होता, नुकतीच तिथे आग लागलेली. पुण्याच्या कचऱ्याचं बिल फुरसुंगीने भरलं, जसं ड्रेनेजचं सोलापूर भरतंय.

सभेत ताई नव्हत्याच. त्यांना कोण बोलावणार? दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, त्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, पैशाचं राहू द्या हो, ते मी मागून घेते. पण तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगा ना, ते मुलांचे डायपर आणि ते बायकांचं कागदात बांधून द्या म्हणावं. आणि सुया. साखरेच्या दुखण्याच्या सुया टाकतेत तशाच, ओल्यात. परवा हातात घुसली." हात दाखवला. अंगठ्याच्या खाली निळं पडलं होतं. टिटॅनसचं इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं.

२०१६ च्या नियमांपासून हे सगळं वेगळं बांधून देणं आपल्यावर बंधनकारक आहे. पण नियमाचं जाऊ द्या. सभेत "डबल पैसे" म्हणणाऱ्या गृहस्थांच्या घरी रोज इन्शुलिन घेतलं जातं हे मला माहीत आहे. मी त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, आणि रिकामी जाड प्लॅस्टिकची बाटली देऊन आले, सुया त्यात टाका आणि भरली की झाकण लावून, वर लिहून वेगळी द्या म्हणाले. बाटली त्यांनी घेतली. ऐंशी रुपयांबद्दल मत बदललेलं नाही.

ठराव शेवटी असा झाला: ताईंचे पैसे घरोघर न मागता मेंटेनन्समध्येच धरायचे आणि एक तारखेला त्यांना एकरकमी द्यायचे. सव्वीस विरुद्ध अकरा, पाच जण आलेच नव्हते. मेंटेनन्सच्या पावतीवर मी "कचरा संकलन" अशी वेगळी ओळ छापून घेतली, आणि तिच्याखाली "टँकर" अशी वेगळी, किती आले आणि किती लिटर ह्यासकट. पूर्वी सगळं मिळून "इतर खर्च" असायचं. ही ओळ छापल्यापासून टँकरबद्दल मला फोन येतात, "गेल्या महिन्यात चौदा, ह्या महिन्यात एकोणीस का?" रात्री साडेनऊलासुद्धा येतात. येऊ देत.

आता पुढच्या सभेत प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर लावायचा विषय घेतलाय. आमच्या इमारतीत एका फ्लॅटला तीन ठिकाणांहून पाणी उतरतं, तेव्हा तीन मीटर, म्हणजे खर्च बराच आहे. प्लंबरकडून दोन कोटेशन आलीत, तिसरं ह्या आठवड्यात येईल. तळमजल्यावरच्यांनी हरकतीचं दोन पानी पत्र आधीच दिलं आहे, आणि त्यातला एक मुद्दा (त्यांच्या नळातून सगळी सोसायटी गणपतीत पाणी घेते) अगदी बरोबर आहे. त्या नळाला सोसायटीच्या नावाने वेगळा मीटर लावावा लागेल.